वाचकांचे प्रश्न : आधी पडद्यावर, मग शिवारात

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की तेल-वायूच्या शोधासाठी जमिनीवर सेस्मिक सर्व्हे, म्हणजे जमिनीत लहरी सोडून खाली काय आहे ते पाहणं, करायचा असेल तर तो आधी संगणकावर करून पाहावा. महाराष्ट्रासारख्या कातळाच्या मुलखात तर त्याशिवाय शिवारात पाऊल टाकू नये, असंही मी म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली काही रागाची आहेत. माझी सगळी नोकरी सर्व्हेची आखणी करण्यात गेली, त्यामुळे रागाच्या पत्रांनाही उत्तर देणं मी लागते. निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या शिवारात लाल झेंड्या लावून, वायरी अंथरून, भोकं पाडून बार उडवले. कांद्याचं नुकसान झालं. पंचनामा झाला, भरपाईही मिळाली. पण हे सगळं आधी संगणकावर करता येतं म्हणता, तर मग आमच्या रानात यायचंच कशाला?
— शेतकरी, साक्री तालुका, जि. धुळे

तुमच्या रानाखाली काय आहे हे संगणकाला ठाऊक नसतं. ते कळायचं तर लहर तुमच्याच जमिनीतून खाली जाऊन परत वर यायला हवी. म्हणजे बार किंवा व्हायब्रेटरचा, म्हणजे जमीन थरथरवणाऱ्या ट्रकचा, धक्का हवा, आणि परतलेली लहर ऐकायला वायरींवरचे जिओफोनही हवेत. त्याला पर्याय नाही.

संगणकाचं काम त्याच्या आधीचं. भूशास्त्राचे नकाशे, जवळपासच्या खोल बोअरची नोंद, गुरुत्वाकर्षणाची मापं, जुन्या सर्व्हेच्या रेषा हे सगळं घेऊन जमिनीखाली काय काय असू शकेल याची तीन-चार चित्रं, म्हणजेच मॉडेलं, आम्ही तयार करतो. एका चित्रात कातळ जाड, दुसऱ्यात पातळ. एकात त्याखाली गाळाचा खडक, दुसऱ्यात थेट जुना ग्रॅनाइट. मग प्रत्येक चित्रावर संगणकात 'बार' उडवायचे आणि जिओफोनवर काय उमटेल ते गणिताने काढायचं. जिओफोन किती अंतरावर लावले, बार किती मीटरला एक घेतला, रेषा किती लांब नेली म्हणजे ही चित्रं एकमेकांपासून वेगळी ओळखता येतील, ते यातून कळतं.

कधी असंही दिसतं की अमुक आखणीने काहीच वेगळं ओळखता येणार नाही. तेव्हा तशा आखणीने तुमच्या रानात येणं चूक आहे, आणि ते कंपनीला आधीच ठणकावून सांगणं हे आखणी करणाऱ्याचं कर्तव्य आहे असं मी मानते. कांद्याचं नुकसान भरून देता येतं. पण ज्या सर्व्हेतून काही कळणारच नव्हतं त्यासाठी ते का व्हावं?

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता होतो, लहरींचं गणित थोडंफार येतं. दख्खनच्या कातळाखालचं दिसत नाही असं नुसतं म्हटलं जातं. नेमकं काय होतं, आणि मॉडेल त्यात काय सांगतं? आकडे घेऊन समजावाल का?
— निवृत्त अभियंता, पुणे

आकडे घेऊनच सांगते. ही मांडणी कागद आणि कॅल्क्युलेटरवरही करता येते.

आपल्या पायाखालचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. हैदराबादच्या एनजीआरआयने, म्हणजे राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने, नर्मदा-तापीच्या पट्ट्यात खोल सेस्मिक प्रोफाइल घेतल्या, त्यांवरून या कातळाखाली काही ठिकाणी मेसोझोइक, म्हणजे डायनोसॉरच्या काळातले गाळाचे खडक दडले असल्याचं अनुमान निघालं. तेल-वायूवाल्यांना रस आहे तो त्या गाळात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सेस्मिक कार्यक्रम सुरू केला. तोवर न पाहिलेल्या गाळाच्या खोऱ्यांमध्ये ४८,२४३ लाइन किलोमीटर (सगळ्या रेषांची मिळून लांबी) २-डी सर्व्हे करायचं त्यात ठरलं होतं, आणि दख्खनचा भागही त्यात होता.

आता एक साधं मॉडेल घ्या. वर काळी माती आणि मुरूम, लहरीचा वेग सेकंदाला ८०० मीटर. त्याखाली ६०० मीटर बेसाल्ट, वेग ५००० मीटर. मग १५०० मीटर गाळाचा खडक, वेग ३८००. तळाला ग्रॅनाइट, वेग ६०००. खरे आकडे जागोजागी बदलतात, पण या घरातलेच असतात.

पहिली अडचण मुरूम आणि बेसाल्ट यांच्या सीमेवरच येते. दोघांच्या वेगात आणि घनतेत इतकी तफावत आहे की परावर्तन गुणांक, म्हणजे लहरीच्या उंचीतला किती भाग सीमेवरून उलटा फिरतो ते प्रमाण, ०.८ च्या आसपास येतो. ही सीमा खाली जाताना एकदा आणि वर येताना एकदा ओलांडली की लहरीच्या उंचीतला जेमतेम एक तृतीयांश भाग शिल्लक राहतो. उरलेली ऊर्जा मुरुमातच घुमत राहते.

दुसरी अडचण बेसाल्टच्या आत. ज्यांनी विहीर खणली आहे त्यांना हे सांगायला नको. काळा पाषाण लागतो, मग सच्छिद्र मांजऱ्या, मग तांबडी मातकट पट्टी, पुन्हा काळा पाषाण. लाव्ह्याचा एकेक प्रवाह असा थरावर थर बसला. मॉडेलमध्ये ६०० मीटरमध्ये ३० प्रवाह धरा. प्रत्येकाचा खालचा भाग घट्ट आणि वरचा सच्छिद्र, म्हणजे ६० सीमा झाल्या. एका सीमेचा परावर्तन गुणांक पाव धरला तर येता-जाता प्रत्येक सीमा लहरीचा सुमारे ६ टक्के भाग खाते. ०.९४ चा साठावा घात काढा. शंभरातले अडीच भाग उरतात!

हा आकडा पाहून हात टेकायचे नाहीत, कारण गणित इथे संपत नाही. सीमांवरून उलटसुलट आपटणाऱ्या छोट्या लहरी एकत्र येऊन मूळ लहरीच्या मागोमाग पुढे सरकतात आणि हरवलेल्या ऊर्जेचा काही भाग परत देतात. ओ'डोहर्टी आणि अ‍ॅन्स्टे यांनी १९७१ मध्ये हे दाखवून दिलं. मात्र हा परतावा कमी वारंवारतेला मिळतो, जास्तीला नाही. १० हर्ट्झच्या लहरीची बेसाल्टमधली लांबी ५०० मीटर, ५० हर्ट्झची १०० मीटर. समुद्राची लांब लाट लहानशा खडकावरून सहज निघून जाते आणि पाण्यावरचे बारीक तरंग त्यावर आपटून विखुरतात, तसंच हे. म्हणून कातळाच्या मुलखात मॉडेल पहिली गोष्ट सांगतं ती ही की कमी वारंवारतेची ऊर्जा जास्त लागेल, आणि ५ ते १० हर्ट्झ नीट टिपणारे जिओफोन लागतील. नेहमीचे १० हर्ट्झचे जिओफोन त्याच्या खाली झपाट्याने बहिरे होत जातात.

तिसरी अडचण जास्त फसवी आहे. बेसाल्टच्या तळावरून परतलेली लहर जमिनीवर पोचायला ०.२४ सेकंद घेते. ती पुन्हा खाली जाते आणि पुन्हा वर येते. अशा पुनरावृत्ती ०.४८, ०.७२, ०.९६ सेकंदांना येतात. ग्रॅनाइटच्या माथ्यावरून आलेली खरी लहर १.०३ सेकंदाला येते. म्हणजे खोटी आणि खरी यांत फक्त ७० मिलिसेकंदांचं अंतर, आणि १० हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तनच १०० मिलिसेकंदांचं! दोन्ही एकमेकींत मिसळतात, आणि पडद्यावर ठळक रेघ दिसली की माणसं आनंदाने तिला ग्रॅनाइट म्हणून मोकळी होतात.

बारापासून जिओफोन लांब नेला की चित्र पालटतं. खोटी लहर सगळा प्रवास वेगवान बेसाल्टमधून करते. खरी लहर मधे संथ गाळातून जाते, म्हणून अंतराबरोबर ती जास्त मागे पडत जाते. ३ किलोमीटरवर दोघींमधलं अंतर १३० मिलिसेकंदांच्या आसपास होतं आणि त्या वेगळ्या काढता येतात. सर्व्हेची रेषा ३ किलोमीटरच्या आत आखली असती तर कितीही बार उडवून हा गुंता सुटला नसता.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जिओफोनवर सर्वांत आधी पोचणारी लहर घ्या. गाळ नसेल, बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट असेल, तर साधारण ४ किलोमीटरच्या पुढे ग्रॅनाइटवरून धावून आलेली लहर बेसाल्टच्या लहरीला मागे टाकून पहिली पोचते. मधे १५०० मीटर गाळ असेल तर त्या संथ थरातून खाली जाऊन वर येण्यात इतका वेळ मोडतो की ग्रॅनाइटची लहर पहिली यायला २२ किलोमीटर लागतात. ४ आणि २२! गाळ आहे की नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांच्या मधे आहे. प्रत्यक्षात बेसाल्टची लहर वाटेतच क्षीण होते आणि मग पहिल्या लहरीच्या वेळेत एकदम उडी दिसते. त्या उडीवरून गाळाची जाडीही काढता येते. गाळाचा वेग बेसाल्टपेक्षा कमी असल्यामुळे तो स्वतःची अशी पहिली लहर कधीच पाठवत नाही. त्याचं असणं या उशिरावरूनच ओळखायचं. ज्यांनी दोन-तीन किलोमीटरच्या रेषेवर 'पहिली लहर फक्त बेसाल्टची दिसते' असा अहवाल दिला, त्यांनी खोटं काही लिहिलं नाही, पण त्या रेषेला दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणून माझा आग्रह आहे की अशा मुलखात दाट, आखूड रेषांबरोबर निदान काही बार तरी खूप लांबपर्यंत ऐकले जावेत. आजच्या बिनवायरी नोड्समुळे, म्हणजे आपली नोंद आपणच ठेवणाऱ्या जिओफोनमुळे, हे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालं आहे. २२ किलोमीटर केबल ओढत नेण्याची आता गरज नाही.

प्रश्न : कोयनेला इतका खर्च करून ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं. आधी मॉडेल केलं असतं तर खाली काय आहे ते खणल्याशिवाय कळलं नसतं का?
— शिक्षिका, पाटण, जि. सातारा

नसतं. कोयनेच्या बोअरमध्ये सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस हा जुना कठीण खडक. मधे गाळ नाही. हे खडकाचा गाभा हातात आल्यावर ठामपणे म्हणता आलं. शिवाय ते बोअर भूकंपांच्या अभ्यासासाठी होतं, १९६७ च्या भूकंपानंतर तिथे धक्के थांबलेले नाहीत, आणि त्या खोलीवरच्या खडकाचं तापमान आणि ताण खाली उतरूनच मोजावे लागतात.

पण तुमच्या प्रश्नात एक चांगला मुद्दा दडला आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथेही बोअर घेतलं. ३३८ मीटर बेसाल्ट, मग फक्त ८ मीटर गाळ, मग जुना कठीण खडक. हा ८ मीटरचा थर कोणत्याही जमिनीवरच्या सेस्मिक सर्व्हेला दिसला असता का? थर वेगळा दिसायला त्याची जाडी लहरीच्या लांबीच्या पाव भागाइतकी तरी लागते. गाळाचा वेग ३८०० आणि कातळाखाली पोचणारी लहर २० हर्ट्झची धरली तर पाव लांबी जवळजवळ ४८ मीटर होते. ८ मीटर त्याच्या कितीतरी खाली आहे. म्हणजे किल्लारीवर सर्व्हे केला असता आणि अहवालात 'गाळ नाही' असं आलं असतं, तर त्याचा खरा अर्थ 'चाळीस-पन्नास मीटरपेक्षा जाड गाळ नाही' इतकाच. ही मर्यादा अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवी, आणि तो आकडा सर्व्हेच्या आधीच मॉडेलमधून मिळतो.

प्रश्न : या बारांमुळे भूकंप होतो का? आमच्याकडे लोक घाबरतात.
— वाचक, औसा, जि. लातूर

नाही. तुमच्या भागातली भीती कुठून येते ते मी समजू शकते, म्हणून आकडा देते. ३ किलो स्फोटकाची ऊर्जा सव्वा कोटी ज्यूलच्या आसपास. किल्लारीच्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने लहरींवाटे बाहेर टाकलेली ऊर्जा त्याच्या सुमारे एक कोटी पट. विहिरीला किंवा घराला तडा जाऊ नये म्हणून सुरक्षित अंतर ठेवायचं असतं आणि ते पाळलं जातंय का हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जिथे अंतर ठेवता येत नाही तिथे बार घेऊ नये, जागा बदलावी.

प्रश्न : मी एका सर्व्हे पार्टीत काम करतो. ऑफिसात आखलेली रेषा सुंदर असते. प्रत्यक्षात मधे गाव येतं, विहिरी येतात, ठिबकच्या नळ्या, केळीची बाग, द्राक्षांचे मांडव. शंभरातले वीस-तीस बार हलवावे लागतात किंवा सोडावे लागतात. मग त्या मॉडेलचं काय राहिलं?
— सर्व्हेअर, मूळ जळगावचे, सध्या गुजरातेत

या पत्राने मला सगळ्यांत जास्त आनंद झाला, कारण हे आखणीच्या टेबलावर बसणाऱ्यांनी ऐकायलाच हवं.

एक रेषा घेऊ. २५ मीटरला एक असे २४० जिओफोन गट, म्हणजे ६ किलोमीटरचा पसारा, बाराच्या एकाच बाजूला. दर ५० मीटरला एक बार. प्रत्येक बिंदूखालचा खडक ६० वेगवेगळ्या बारांनी पाहिला जातो. तुमच्या भाषेत फोल्ड ६०. आता मधे गाव आलं आणि ५०० मीटरमधले १० बार गेले. हिशेब करणारा म्हणतो, ६० चे ५० झाले, चालेल.

चालेलच असं नाही. कुठल्या बिंदूचे कुठले बार गेले ते बघा. गावाच्या लगत पुढे असलेल्या बिंदूंचे जवळच्या अंतरावरचे बार गेले. उथळ थर, म्हणजे बेसाल्टचा तळ, दिसतो तो त्याच बारांनी. तिथे चित्राला वरच्या बाजूला भोक पडतं. गावापासून अडीच-तीन किलोमीटर पुढे असलेल्या बिंदूंचे ५ ते ६ किलोमीटर अंतराचे बार गेले. तिथे वरचं चित्र छान राहील, पण वर सांगितलेली खोटी लहर खऱ्या लहरीपासून वेगळी काढण्याचं बळ कमी होईल. दोन्हीकडे फोल्डचा आकडा ५०, आणि नुकसान मात्र वेगवेगळं.

म्हणून मॉडेल एकदा करून फायलीत लावायचं नसतं. ज्या दिवशी सर्व्हेअर खऱ्या जागा घेऊन येतो त्याच रात्री कॅम्पवर त्या जागा मॉडेलमध्ये घालून पुन्हा चालवायचं. लहरीची वाट किरणासारखी धरून केलेलं सोपं गणित आजच्या लॅपटॉपवर काही मिनिटांत होतं. कुठल्या थराच्या कुठल्या भागावर किरण पोचत नाहीत त्याचा नकाशा सकाळी पार्टी चीफच्या हातात असला की तो ठरवू शकतो : गावाच्या पलीकडे चार जादा बार घ्यायचे, की गावातल्या रस्त्यावर बार न घेता जिओफोन दाट लावायचे, की गावापुरता व्हायब्रेटर मागवायचा. जिओफोन गावातही लावता येतात, त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. ही गोष्ट पार्टीत पुष्कळदा विसरली जाते.

आणखी एक. तुम्ही अपहोल घेता, म्हणजे एका भोकात वेगवेगळ्या खोलीवर लहान बार उडवून मुरुमाची जाडी आणि वेग मोजता, ती मोजणी ऑफिसात मॉडेल करणाऱ्यापर्यंत पोचते का ते पाहा. पडद्यावरच्या मॉडेलमध्ये वरचा थर पुष्कळदा सरधोपट एकाच जाडीचा घातलेला असतो. नाल्याकाठी माती १५ मीटर आणि शेजारच्या टेकाडावर उघडा कातळ, असं असताना त्या मॉडेलने दिलेलं उत्तर टेकाडावर एक आणि नाल्यात दुसरंच ठरतं. ८०० मीटर वेगाच्या मातीत १५ मीटर म्हणजे एका बाजूचे जवळजवळ १९ मिलिसेकंद. खाली गाळाच्या माथ्यावर दिसणारा उंचवटा नेमका तितकाच असू शकतो, आणि मग त्या उंचवट्यावर तेलाची विहीर खणण्याचे बेत सुरू होतात.

शेतकऱ्यांबद्दलही सांगते. रेषेची तारीख ठरवताना पिकाचं वेळापत्रक आखणीत घ्या. काळ्या मातीत पावसाळ्यात गाड्या रुततात एवढंच बघितलं जातं. कांदा काढायला झाला आहे की नुकता लावला आहे, हे तलाठ्याला किंवा सरपंचाला एक फोन करून कळतं.

प्रश्न : ओमानमध्ये वाळवंटात मोठमोठे व्हायब्रेटर ट्रक रांगेने चाललेले दिसतात. इथे ना विहिरी, ना शेतं. इथेही मॉडेल लागतं?
— वाचक, मस्कत

लागतं, आणि अडचण पुन्हा वरच्या पन्नास-शंभर मीटरमधलीच. वाळूच्या टेकड्या, वाद्या म्हणजे नद्यांची कोरडी पात्रं, चुनखडकातल्या पोकळ्या यांत लहरी अडकतात आणि जमिनीलगत धावतात. पृष्ठभागावरून धावणारी ही लहर खालून आलेल्या लहरीपेक्षा कितीतरी बलवान असते. तिचा वेग सेकंदाला ६०० मीटर आणि वारंवारता १० हर्ट्झ धरली तर लांबी ६० मीटर. ती नीट टिपून मग वजा करायची असेल तर ३० मीटरच्या आत एक जिओफोन हवा, २० हर्ट्झला १५ मीटरच्या आत. अंतर जास्त ठेवलं तर ती भलत्याच रूपात नोंदली जाते आणि मागाहून कुठल्याही प्रक्रियेने पुरती निघत नाही. तिथे ट्रकना मोकळं रान आहे म्हणून लोक भरपूर बार घेतात. ते बरंच आहे, पण दाट घ्यायचं ते बार की जिओफोन, हा प्रश्न तरीही उरतोच.

अमेरिकेतल्या एसईजी या भूभौतिक संस्थेच्या सीम प्रकल्पाचा दुसरा टप्पा खास जमिनीवरच्या सर्व्हेसाठी होता. त्यात तीन मॉडेलं तयार झाली. एक शेल या चिखलापासून बनलेल्या खडकाचं, एक डोंगरपायथ्याच्या वळ्यांचं आणि एक कोरड्या वाळवंटी प्रदेशाचं. अनेक तेल कंपन्यांनी मिळून खर्च उचलला, कारण त्रिमितीत पूर्ण लहर-गणित एकट्याने करणं फार महाग पडतं. वारंवारता दुप्पट केली की त्रिमितीतलं काम सोळा पट होतं : तीन दिशांना गणिताच्या बिंदूंची जाळी दुप्पट बारीक, आणि गणित ज्या टप्प्यांनी पुढे न्यायचं ती काळाची पायरीही अर्धी. आणि वाळवंटात साधं ध्वनीलहरींचं गणित पुरत नाही. खडक आडवाही थरथरतो, पृष्ठभागाची लहर त्यातूनच जन्मते, त्यामुळे प्रत्यास्थ लहरींचं गणित घ्यावं लागतं. ते टाळून केलेलं वाळवंटाचं मॉडेल सुबक दिसतं आणि नेमकी मुख्य अडचणच त्यात नसते.

प्रश्न : मी एम.एस्सी. भूशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आमच्याकडे महागडी सॉफ्टवेअर नाहीत. हे शिकायला काय करू?
— विद्यार्थिनी, नांदेड

महागडी सॉफ्टवेअर नसली तरी काही अडत नाही. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सचं 'सेस्मिक युनिक्स' फुकट मिळतं, त्यात लहर-गणिताचा द्विमितीय प्रोग्राम आहे. 'मॅडागास्कर'ही खुलं आहे. पायथन येत असेल तर 'डेव्हिटो' बघ. सरावासाठी फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेने १९८८ मध्ये अंगोलातल्या क्वांझा खोऱ्यावरून बेतलेलं 'मार्मूसी' मॉडेल जगभर वापरतात, तेही सहज मिळतं. पण माझं ऐकशील तर मार्मूसीपासून सुरुवात करू नकोस. ते फार गुंतागुंतीचं आहे, चित्र सुंदर येतं आणि का आलं ते कळत नाही. आपल्या पायाखालच्या कातळापासून सुरू कर.

वर अभियंता काकांना दिलेले वेग घे. २५ किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर खोल असं मॉडेल कर. वर १५ मीटर मुरूम ठेव. जाळी किती बारीक ठेवायची ते सर्वांत संथ थर ठरवतो : ८०० मीटरच्या वेगात ४० हर्ट्झची लांबी २० मीटर, एका लांबीत निदान पाच बिंदू हवेत, म्हणून जाळी ४ मीटरची. काळाची पायरी सर्वांत वेगवान थर ठरवतो. ६००० मीटर वेगाला आणि ४ मीटर जाळीला ती ०.४ मिलिसेकंदाच्या आत ठेव, नाहीतर आकडे फुगत जाऊन सगळं चित्र उद्ध्वस्त होतं. साडेबासष्ट लाख बिंदू होतील. चांगल्या लॅपटॉपवर एक बार निघायला फार वेळ लागणार नाही.

पहिल्यांदा गाळ ठेवून चालव, मग गाळ काढून त्या जागी ग्रॅनाइट भरून चालव. दोन्ही नोंदी शेजारी लाव आणि कितव्या किलोमीटरपासून त्या वेगळ्या दिसतात ते पाहा. मग बेसाल्ट एकसंध न ठेवता ३० प्रवाहांचा कर, प्रत्येकाची जाडी थोडी कमी-जास्त ठेव, आणि एकदा १० हर्ट्झचा आणि एकदा ४० हर्ट्झचा बार घे. ग्रॅनाइटवरून आलेली लहर दोन्हींत शोध. शेवटी मुरुमाची जाडी जागोजागी बदल, नाल्यापाशी १५, टेकाडावर शून्य, आणि खाली सपाट ठेवलेला थर किती वाकडा दिसतो ते मोज. त्यात सपाट थर पुन्हा सपाट करायला जी दुरुस्ती लागते तिला स्टॅटिक करेक्शन म्हणतात. ती स्वतःच्या हाताने करून बघ, आणि नंतरच पुढचं पुस्तक उघड.